शकूरभाईंचा ओळंबा

शकूरभाईंनी फोटो काढताना कुणाला ‘हसा’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, ‘आ करा.’ समोर पहिलीतलं पोरगं असो नाहीतर गावचे सरपंच, आधी तोंड पूर्ण वासायचं, मग मिटायचं, आणि मिटल्यावर चेहऱ्यावर जे उरेल त्याचा फोटो निघायचा. “हसा म्हनलं की मानूस दात दाखवतो,” ते सांगायचे, “आ करून मिटलं की सोताचा चेहरा दाखवतो.” सरपंचांनीही बिचाऱ्यांनी निमूट आ केला होता, मी पाहिलंय.

तिसगावच्या बाजारपेठेत, बियाण्यांच्या दुकानावर, त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ होता. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ओळखपत्रांच्या फोटोंचं काम शाळेने माझ्या गळ्यात घातलेलं, त्यामुळे दर जूनला आमची गाठ पडायची. उंच, किडकिडीत माणूस, पांढरी आखूड दाढी, खिशात कायम एक कंगवा. कंगवा फक्त स्वतःच्या दाढीसाठी. मुलांच्या केसांना तो लावायचे नाहीत. “एका वर्गातल्या उवा दुसऱ्या वर्गात बदलीवर जात्यात, बाई.” बदल्यांच्या मोसमात शिक्षकांच्या खोलीत बसून हा विनोद करायला छाती लागते. ती त्यांना होती.

त्यांचे वडील गवंडी. वडिलांचा ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते बघायचा दोरीला बांधलेला शिशाचा गोळा, शकूरभाईंनी स्टुडिओत छताला टांगून ठेवला होता. मूल स्टुलावर बसलं की ते एक डोळा मिटून त्या दोरीआडून बघायचे. कपाळाचा मध्य, नाक, हनुवटी. मग पुढे येऊन दोन बोटांनी हनुवटी गव्हाच्या दाण्याएवढी हलवायची आणि मागे जायचं. शाळेत यायचे तेव्हा गोळा पिशवीतून आणून व्हरांड्याच्या वाशाला बांधायचे. पोरं त्याला लोंबकळायला बघायची आणि ओरडा खायची.

एका वर्षी हेडमास्तर म्हणाले, यंदा मागचेच फोटो चिकटवा, कशाला पुन्हा व्याप. शकूरभाई चक्क रागावले. “सर, त्यो चेहरा आता त्या पोराकडं न्हाईच हाय,” म्हणाले. हेडमास्तरांना त्यांनी स्टुडिओत नेलं, सोबत मीही गेले. भिंतीवर त्यांच्या मुलीचे, रुखसानाचे फोटो ओळीने लावलेले होते. पहिला सहा महिन्यांची असतानाचा, मग अठरा वर्षांची होईपर्यंत दर वाढदिवसाला एक, तीच खुर्ची, तेवढंच अंतर. “बघा, तान्ह्या पोराचं निम्मं तोंड म्हंजी कपाळच. डोळं पार खाली. मग नाक खाली उतरतं, गाल उतरत्यात, आन् जबडा समद्यांच्या मागून येतो. आमचा बाप घर खालून वर बांधायचा. चेहऱ्याचा गवंडी उलटा हाय, वरचा मजला आधी बांधतो.” रुखसाना आता शेवगावला नांदते, दोन मुलांची आई आहे. हेडमास्तर बराच वेळ त्या भिंतीपुढे उभे राहिले आणि खाली येऊन म्हणाले, काढा बाबा फोटो.

खरं तर गावातल्या आयांची भीती घालवायचं काम तेव्हा हाच माणूस करायचा. सात-आठ वर्षांच्या पोरांना पुढचे पक्के दात येतात ते फावड्याएवढे दिसतात, मध्ये फट, आणि आया हवालदिल होतात. एक बाई तर पदरात तोंड लपवून रडत होती, लेकीची फट फोटोत बुजवा म्हणून. शकूरभाई म्हणाले, “दात मोठ्या मानसाचं आल्यात, जबडा अजून लेकराचा हाय. जबडा मागून येतोय, वाट बघा.” चार वर्षांनी तीच मुलगी माझ्या वर्गात होती. फट बरीचशी मिटली होती. हे मी पाहिलं आणि मलाही वाटू लागलं की शकूरभाई म्हणतात म्हणजे सगळं येईलच मागून.

इथपर्यंत हसत लिहिलं. पण शकूरभाई म्हटलं की मला आधी आठवते ती भीती, आणि ती भीती माझ्या घरात त्यांनीच आणली.

माझी मुलगी ईश्वरी चौथीत होती. जुलैतल्या एका रविवारी सकाळी शकूरभाई दारात उभे. ते कुणाच्या घरी सहसा जात नसत. खुर्चीवर बसले, चहाला नको म्हणाले आणि ईश्वरीला म्हणाले, “आ कर गं.” ती लाजली. तिने केला तो आ बोटभरसुद्धा नव्हता. मी म्हटलं, ती जरा संकोचीच आहे. त्यांनी पिशवीतून चार फोटो काढून टेबलावर मांडले, पहिली ते चौथी, आणि खिशातून पांढरा दोरा काढून एकेका फोटोवर उभा धरला. पहिलीत दोरा कपाळावरून, नाकावरून थेट हनुवटीच्या मध्यावर. दुसरीत हनुवटी दोरा सोडून तिच्या डाव्या गालाकडे सरकलेली. तिसरीत आणखी. चौथीत इतकी की दोऱ्याची गरजच नव्हती.

“असे फोटो तुम्ही आम्हाला दिले नव्हते,” मी म्हटलं.

“न्हाई दिले. दुसरीचा आन् तिसरीचा म्या कॉम्प्युटरवर सरळ करून दिला. तुमीच म्हनला हुता, बाई.”

म्हटलं होतं. अगदी आठवलं, कसं म्हटलं होतं तेही. “भाऊ, हिचा फोटो दर वेळी वाकडाच कसा येतो? जरा सरळ करा ना.” हसून म्हटलं होतं.

“मला वाटलं पोर मान वाकडी धरती, आन् आ करायला लाजती. डोकं सरळ करायचो तर हनुवटी जायची, हनुवटी सरळ करायचो तर डोकं जायचं. मंग कॉम्प्युटरवर ओढली जाग्यावर. दोन वर्सं ओढली. परवा चारी मूळ फोटो शेजारी लावले आन् माजं हातपाय गार पडले. आपला जबडा मागून येतो, ठाव हाय. हिचा एकाच बाजूनं येतोय. म्या चुकलो.”

मला आधी राग आला. भीती आली की मला आधी रागच येतो. मी म्हटलं, “तुम्ही काय डॉक्टर आहात का?”

“न्हाई. डॉक्टर असतो तर भ्यालो नसतो.” मग त्यांनी हळूच विचारलं, “ऊस दातानं सोलती का?”

उसाच्या मुलखातलं पोर. आणि ईश्वरी ऊस सोलत नव्हती. आम्ही तिला गंडेऱ्या करून द्यायचो, त्याही बारीक. भाकरी दुधात कुस्करून. पेरूच्या फोडी. सगळं लाडाने. मी रोज तिला भरवत होते, रोज वेणी घालत होते, आणि मला दिसलं नव्हतं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही असं सांगून लोक माझी समजूत घालतात. मी शिक्षिका आहे. दुसऱ्यांच्या चाळीस मुलांचं मला दिसतं.

त्या दिवशी दुपारी ईश्वरीच्या बाबांनी आणि मी मागचं सगळं आठवून काढलं. ती चार वर्षांची असताना पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावरून हनुवटीवर पडली होती. गावातल्या डॉक्टरांनी चार टाके घातले आणि सांगितलं, नगरला जाऊन जबड्याचा एक्सरे काढून आणा. रक्त थांबलं होतं, आम्ही गेलो नाही. तोंड उघडलं की ती कळवळायची, म्हणून मी माझ्या मऊ ओढणीने तिचा जबडा डोक्यावरून बांधला. तीन आठवडे. चमच्याने पेज घालायची आणि म्हणायची, बाळा, तोंड उघडू नको हं, दुखेल. शेजारणी म्हणाल्या होत्या, काळजी घ्यावी तर हिने.

नगरहून आम्हाला पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई शांतपणे बोलत होत्या आणि त्यांच्या शांतपणाचीच मला धास्ती वाटत होती. खालच्या जबड्याची दोन टोकं कानांपुढच्या सांध्यांत बसलेली असतात, आणि लहानपणी तिथूनही जबडा वाढत असतो. हिचं डावं टोक पडताना मोडलं. तोंड हलत राहिलं असतं तर लहान वयात ते बरंचसं सावरलं असतं. बांधून ठेवल्यामुळे सांधा हाडाने भरून आला. मी उजव्या गालाकडे बोट दाखवून म्हटलं, पण हा गाल चपटा दिसतो, आजारी हीच बाजू ना? त्या म्हणाल्या, नाही, उजवी वाढते आहे म्हणून लांब आणि चपटी दिसते. डावी खुंटली म्हणून गोल दिसते. त्या गोल गालाचे मी इतकी वर्षं पापे घेत होते.

“आणि अजून हिची वाढ व्हायची आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “वयात येताना जबडा जोरात वाढतो. एक बाजू वाढेल, दुसरी नाही.”

सगळ्या आया मुलं वाढावीत म्हणून देवाला हात जोडतात. मी त्या दिवसापासून तिच्या वाढीला घाबरायला लागले. तिचा फ्रॉक आखूड झाला तरी मी आधी तिची हनुवटी बघायचे.

ऑपरेशनला नेताना तोंड उघडत नसल्याने श्वासाची नळी नाकातून, ती जागी असतानाच घालावी लागणार होती. ते कळल्यावर ईश्वरीने माझा पदर मुठीत धरला आणि तिथल्या सिस्टरने एकेक बोट सोडवलं. जमलेलं हाड काढून तिथे तिच्याच बरगडीच्या कूर्चेचा, म्हणजे टोकाच्या मऊ हाडाचा, तुकडा बसवला. तो जगला तर तिच्याबरोबर वाढेल. फार वाढला तरी पंचाईत, न वाढला तरी पंचाईत. म्हणून दर महिन्याला चेहऱ्याचे फोटो पाठवा, समोरून आणि बाजूने, एकाच अंतरावरून, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. मी म्हटलं, असा माणूस आहे आमच्याकडे.

घरी आल्यावर खरा छळ सुरू झाला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये घालून जबडा उघडायचा, दिवसातून सहा वेळा, महिनोन् महिने. नऊ काड्यांपासून सुरुवात. थांबलो तर सांधा पुन्हा धरणार. ज्या मुलीला मी ‘तोंड उघडू नको’ म्हणून थोपटलं, तिचं तोंड आता मी रडत रडत काड्यांनी उघडत होते. तिचे बाबा त्या वेळी शेताकडे निघून जायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

शकूरभाई दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून यायचे. ओळंबा खिळ्याला टांगायचा, फोटो काढायचे, मग काड्यांच्या वेळेला मुद्दाम थांबायचे. त्यांची कवळी होती. पहिल्याच दिवशी त्यांनी ती काढून हातावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, “माजा तर वरचा मजलाच निघतो, ईश्वरीबाई. आता बोला.” ती हसली, हसल्याने दुखलं म्हणून रडली, आणि रडताना तोंड दहा काड्यांइतकं उघडलं. शकूरभाईंनी पटकन दहावी काडी सरकवली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत, तेवढा आ हवा. तेव्हापासून शकूरभाईंचा नमस्कार तोच झाला. रस्त्यात, बाजारात, शाळेच्या फाटकात, ईश्वरी दिसली की तीन बोटं वर. ती आधी दोन दाखवायची. वर्षभराने एका आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या मध्ये उभं राहून तिने तीन बोटं तोंडात घालून दाखवली. शकूरभाई तिथेच पिशवी ठेवून खाली बसले.

मात्र त्यांची भीती गेली नाही, माझीही नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, तुम्ही दाखवलंत म्हणून वेळेत कळलं. ते म्हणाले, “दोन वर्सं उशिरा दाखवलं, बाई. ती दोन वर्सं कुटं ठेवू?” त्यानंतर त्यांनी कुणाचाही चेहरा कॉम्प्युटरवर हलवला नाही. नव्या नवऱ्या रुसल्या, नाकं आहेत तशीच आली म्हणून. लोक पाथर्डीला जाऊन फोटो काढून आणायला लागले. शकूरभाई स्टुडिओत दोरीखाली बसून राहायचे, पण बधले नाहीत.

ईश्वरी अकरा, बारा, तेरा वर्षांची झाली. वयात आली, तेव्हाची दोन वर्षं तर मी जीव मुठीत धरून काढली. सकाळी ती झोपेतून उठायच्या आत मी दोरा घेऊन तिच्या उशाशी. तिला कळलं तेव्हा ती चिडली, “आई, मी भिंत आहे का?” हनुवटी थोडी डावीकडे आहेच, तेवढी राहणार असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. तुकडा जगला होता. पण त्यांनी ‘आता निश्चिंत राहा’ हे शब्द कधी उच्चारले नाहीत, आणि मी त्या शब्दांचीच वाट बघत होते.

मागच्या वर्षी ती दहावीला गेली. बोर्डाच्या फॉर्मसाठी फोटो शकूरभाईंनीच काढला, आमच्या व्हरांड्यात. त्या दिवशी ते ओळंबा आणायला विसरले. लेन्सचं झाकण हातातून दोनदा पडलं. कॅमेरा डाव्या हातात धरला. मी म्हटलं, काय भाऊ, म्हातारे झालात. ते म्हणाले, “हात जरा झोपल्यावानी झालाय, जाईल.” आणि चहा घेऊन गेले.

संध्याकाळी त्यांनी मोबाईलवर पाठवलेला फोटो मी उघडला आणि माझे डोळे पांढरे झाले. हनुवटी पार डावीकडे गेलेली. मी दोरा लावला. मोजपट्टी लावली. महिन्याभरात एवढी? ईश्वरीला दिव्याखाली उभं केलं, तिचा जबडा चाचपला, ती म्हणते आहे आई काही नाही झालं, आणि मला ऐकूच येत नाही. शेवटी तिनेच फोटो हातात घेतला आणि मागे बोट दाखवलं. मागची खिडकीही तेवढीच कललेली होती. गजही. अख्खा फोटोच तिरका होता. मी तिला कवटाळून इतकी हसले, इतकी हसले की तिचे बाबा बाहेरून धावत आले. मग मी मोबाईलवर दोन बोटांनी फोटो सरळ केला आणि फॉर्मला लावून टाकला.

आयुष्यात या माणसाच्या हातून तिरका फोटो निघाला नव्हता. तो निघाला, आणि मी तो सरळ करून पुढे गेले. पुन्हा एकदा. मला स्वतःच्या मुलीसाठीच भीती बाळगायची सवय लागली होती, दुसऱ्या कुणासाठी भ्यायला जागाच नव्हती. आठ दिवसांनी शकूरभाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, म्हणाल्या, पंधरा दिवस हात बधिर होत होता, कुणाला सांगू नको म्हणाले.

पुढे ते फार दिवस राहिले नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ईश्वरीबरोबर, त्यांच्या घरी. खाटेवर उशांना टेकवून बसवलं होतं. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, दर आठवड्याला चेहऱ्याचा फोटो काढा, फरक कळेल. पण ते कुणाला काढू देत नव्हते. मोबाईल दिसला की भिंतीकडे तोंड फिरवायचे. मी त्यांना इतक्या वर्षांत कॅमेऱ्याच्या या बाजूला कधी पाहिलं नव्हतं. ते घाबरले होते.

ईश्वरी खाटेशी बसली. “काका, आ करा,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, नाही. मग त्यांचा डावा हात गोधडीतून बाहेर आला आणि तीन बोटं वर झाली. भाभींना वाटलं पाणी मागताहेत, त्या तांब्या आणायला उठल्या. ईश्वरी खिडकीच्या उजेडात जाऊन उभी राहिली. तिने पूर्ण आ केला, तीन बोटं उभी आत घातली आणि तशीच थांबली. शकूरभाईंनी एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने तिच्याकडे खूप वेळ पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

मग त्यांनी आ केला. अर्धाच झाला. ईश्वरीने तो फोटो आहे तसा काढला.